विहिरीत उतरणारी दाक्षायणी

मंद्रूपच्या बाजाराचं चित्रण आटोपून सिद्धनाथ पाणी प्यायला विहिरीत वाकला आणि कॅमेरा फिरवायचं हँडल खिशातून निसटून थेट तळाला गेलं.

"काय पडलं?" मागून एका मुलीचा आवाज आला.

त्यानं सांगितलं.

"मागं सरा की."

पदर खोचून त्या मुलीनं उडी घेतली. पाणी निवळायच्या आत वर आली ती हँडल घेऊनच! रुद्रप्पाची ही लेक, दाक्षायणी. गावात कुणाची घागर बुडाली की तिलाच बोलावणं जाई.

सिद्धनाथ सोलापूरच्या एका फिल्म कंपनीत होता. सिनेमाच्या आधी दाखवायला देशातल्या नवलाईच्या, साध्या माणसांच्या छोट्या फिती तो काढी.

"तुमची उडी पडद्यावर दाखवू या?"

"मला... पडद्यावर?" ती ओले केस पिळत म्हणाली. "दुधनीचं स्थळ आलंय. पोरीनं विहिरीत उतरायचं न्हाय, अशी अट हाय त्यांची."

"मग... नको?"

"उद्या सकाळी या. ऊन चांगलं असतंय."

सकाळी रुद्रप्पा काठावर तंबाखू मळत बसला. दाक्षायणीनं उडी घेतली. सिद्धनाथ हँडल फिरवत मनात आकडे मोजू लागला. चाळीस... साठ... ऐंशी... पाणी हलेना. त्यानं हँडल सोडलं आणि उडी मारली. आपल्याला पोहता येत नाही, हे त्याला अधांतरी असताना आठवलं.

तिनंच त्याला सदऱ्याला धरून पायरीवर ओढलं.

"तळाला दगड धरून बसले हुते. जरा जास्त येळ थांबलं तर चित्र बरं येईल म्हणून," ती म्हणाली. "पवता येत न्हाय, तर उडी का मारली?"

"तुम्ही वर आला नाहीत..."

ती हसली. मग हसायची थांबली. मान वर करून म्हणाली, "आप्पा, दुधनीवाल्यांना न्हाय म्हणून सांगा."

"आन् ह्यो?"

"ह्याला आदी पवायला शिकवते."

शिकवणी तीन महिने चालली. रुद्रप्पा पायरीवर बसून असे. खरं तर सिद्धनाथ पंधरा दिवसांतच पोहायला शिकला होता. पण लग्न ठरेपर्यंत त्यानं ते कुणाला कळू दिलं नाही.

दाक्षायणीला मात्र ते सोळाव्या दिवशीच कळलं होतं.