तीन पायऱ्या कमी

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा जिन्यावर रांगत होता. वय अंदाजे अठ्ठावीस. तोंडात मोजपट्टीचं टोक.

माझ्यामागे सतरा पर्यटक. मी या व्हिक्टोरियन बंगल्याची गाइड. दीडशे वर्षांपूर्वी एका वास्तुकाराने तो स्वतःला राहायला बांधला. सगळं झकास, फक्त मुख्य जिना वरच्या दारापर्यंत पोचत नाही. शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की दार कमरेएवढ्या उंचीवर. लोक तिकीट काढून तेच बघायला येतात.

"प्रियेच्या निधनानंतर त्यांनी जिना अर्धवट सोडला..." मी आवाजात नेहमीचा कंप आणला. एका काकूंनी रुमाल काढला.

"छे हो!" जिन्यावरून आवाज आला. "मोजताना चुकलाय तो. तीन पायऱ्या कमी."

काकूंनी रुमाल परत पर्समध्ये ठेवला.

तो विश्वस्तांनी पाठवलेला सर्वेक्षक होता. त्याने अहवालात 'चूक' लिहिलं, की विश्वस्त जिना दुरुस्त करणार. जिना पोचला की गोष्ट गेली, आणि गोष्टीपाठोपाठ माझी नोकरी.

"माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही," मी म्हणाले.

"मी पायऱ्यांवरच पाय देतोय. एकवीस आहेत."

दुसऱ्या दिवशी बावीस भरल्या. तिसऱ्या दिवशी वीस. खिडकीच्या रंगीत काचेतून त्याच्या कानावर लाल ऊन पडलं होतं. ऊन सरकलं, कान लालच राहिला.

"दगडी जिना आहे. पाणी घातलं तरी वाढत नाही," मी म्हणाले.

"तुम्ही खाली उभ्या राहून बघत असता ना..."

"मी लक्ष ठेवते."

"तेच. चौदापर्यंत ठीक चालतं. पंधराव्या पायरीवर जिना वळतो, तुम्ही समोर दिसता... मग पुढचे आकडे कुठे जातात, देव जाणे."

मी कठड्यावरच्या लाकडी सिंहाकडे बघितलं. त्यानेही नजर चुकवली.

"माझ्याकडे न बघता मोजा की!"

"मग मोजून काय करू?"

चौथ्या दिवशी तो धुळीने माखून आला. माळ्यावरच्या पेटीत जिन्याचा मूळ नकाशा सापडला होता. वास्तुकाराने प्रत्येक पायरीवर आकडा घातला होता. तेरा, चौदा, पंधरा... पंधराशेजारी पेन्सिलीने काढलेली एक मुलगी, कमरेवर हात. खाली टीप — 'ठेकेदाराची बहीण. आज पुन्हा आली.' त्यापुढचा आकडा थेट एकोणीस.

"अगं बाई! मग तिचं काय झालं?"

त्याने नकाशा उलटला. मागे त्याच अक्षरात, पण बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं — 'बायको म्हणते, स्टुलावर चढून चढून गुडघे गेले, जिना नीट करा. मी म्हणतो, चूक तुझी आहे.'

मी या बाईंना दिवसातून चार वेळा मारत होते.

"अहवालात काय लिहिलंत?" मी हळूच विचारलं.

त्याने कागद पुढे केला. 'जिना आहे तसाच ठेवावा. चूक होण्याचं कारण : खाली उभी असलेली व्यक्ती. सर्वेक्षकाने हे कारण सलग तीन दिवस स्वतः तपासलं आहे.'

"पण पायऱ्यांचा रकाना कोराच आहे."

"जमत नाहीये मला," तो म्हणाला. "उद्या परत... येऊ?"

"काही नको. खाली उभा राहा तू. मी मोजते."

मी मोठ्याने मोजत चढले. तेरा, चौदा, पंधरा... वळणावर खाली बघितलं. तो कमरेवर हात ठेवून उभा होता, कान लाल.

"एकोणीस," मी म्हणाले.