लॉट सातचा मेल

तानुबाईंनी पदराची गाठ सोडली आणि मूठभर कुजलेलं सोयाबीन बियाणे कंपनीच्या मॅनेजरच्या टेबलावर ओतलं.

"दोन एकर पेरलंय. धा हातांवर एक कोंब हाय. तुमचंच बियाणं, सीलबंद."

पिशवीवर लॉट क्रमांक सात होता. हा लॉट विकूच नका, असा मेल कंपनीने बारा जूनलाच दुकानदारांना पाठवला होता. मग एकोणीस जूनला तानुबाईंना तो मिळाला कसा?

दुपारपर्यंत सगळं खापर मेल पाठवणाऱ्या बबितावर फुटलं. तिने आपल्या शाळेतल्या जुन्या बाईंना फोन लावला. आवाज अगदी खाली होता.

"बाई, येता का? चारपर्यंत माझ्याकडून राजीनामा लिहून घ्यायलेत."

धम्मशीला बाईंनी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. सेलूहून एसटीने त्या देवगाव फाट्यावर उतरल्या तेव्हा तीन वाजले होते. तहान लागली होती. समोरच बन्सीधरचं बियाण्याचं दुकान होतं. त्याने आदराने तांब्या पुढे केला.

"घ्या बाई, रांजणाचं हाय. गार."

रांजणाखाली गोणपाटाची घडी होती. बाजूच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. लिहिलेलं दिसलं की वाचायचं, ही बाईंची जुनी खोड. जूनच्या पानावर दुधाच्या हिशेबाच्या खुणा होत्या. तेराच्या चौकोनात 'सात भिजवलं' आणि अठराच्या चौकोनात नुसतं 'एक्केचाळीस' असं होतं.

"तुम्ही शेती करता?" बाईंनी विचारलं.

"छे, वावर कवाच इकलं. दुकान बरं."

बाई पाणी पिऊन 'पूर्णाकाठ बियाणे'च्या कार्यालयात शिरल्या. बबिता खिडकीपाशी उभी होती. तिच्यासमोर कोरा कागद होता. तानुबाई जमिनीवर बसल्या होत्या, उठायला तयार नव्हत्या.

मॅनेजर योगीराजने फळ्याकडे बोट दाखवलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'हिरवा मोड नसेल तर मेल बनावट समजा.'

"आमच्या मेलवर नावाशेजारी गोल चिन्ह येतं, बाई. हिरवा मोड. गेल्या वर्षी रीतसर प्रमाणपत्र काढलंय त्याचं. पोखर्णीच्या मुंजाजीला ते दिसलं, त्याने पिशव्या परत केल्या. बन्सीधरला दिसलं नाही. म्हणजे बबिताने त्याला भलत्याच पत्त्यावरून पाठवला."

"तिसरं दुकान?"

"पालमचे लिंबाजी. त्यांनाही दिसलं नव्हतं. पण त्यांनी फोन करून विचारलं, म्हणून वाचलो."

"मी एकच मेल पाठवला, बाई," बबिता म्हणाली. "तिघांना एकदम. हाफिसच्याच पत्त्यावरून."

"पुरावा?" योगीराजने विचारलं.

तिने कोरा कागद दूर सारला.

बाईंनी बन्सीधरला बोलावून घेतलं. तो मेलची छापील प्रत घेऊनच आला.

"बघा की. हाय का कुठं मोड?"

कागदावर मजकूर होता. मोड नव्हता.

"मेल वाचून तुम्हाला काय वाटलं?"

"बनावट. फळ्यावर साहेबांनीच लिवलंय. मग इकलं बियाणं. माझा काय कसूर?"

"लॉट सातबद्दल शंका आली नाही?"

"सीलबंद पिशवी, बाई. आपण फोडून बघत नसतो."

"कधीच?"

"कधीच न्हाई."

बाईंनी घड्याळ पाहिलं. चाराला वीस कमी.

"बबिता, आत्ता एक मेल लिही. 'नमस्कार, ही चाचणी आहे.' तिघांना एकदम पाठव. योगीराज, तुम्ही तिच्या मागे उभे राहा. पत्ता नीट बघा."

मेल गेला. बाईंनी आधी मुंजाजीला फोन लावला. त्याला मोड दिसत होता. मग लिंबाजींना.

"न्हाई बाई," लिंबाजी म्हणाले. "गोलात नुसतं कंपनीच्या नावाचं पहिलं अक्षर, 'प' हाय. माझ्याकडं रोजचंच हाय हे. म्हणून तर फोन करतो. हाफिसातली पोरगी वैतागती, तरी करतो."

योगीराजचा चेहरा उतरला. मेल तर त्याच्या डोळ्यांदेखत, कंपनीच्याच पत्त्यावरून गेला होता.

"आता हाच मेल छापा," बाई म्हणाल्या.

कागद बाहेर आला. त्यावरही मोड नव्हता.

"बन्सीधर, तुमचा मोबाइल?"

त्याने तो काढायला फार वेळ लावला. पडद्यावर कंपनीच्या नावाशेजारी गोल होता. गोलात हिरवा मोड.

तानुबाई उठून उभ्या राहिल्या.

"आज दिसायलाय," बन्सीधर म्हणाला. "त्या दिशी नसंल दिसला."

"असू शकतं," बाई म्हणाल्या. योगीराजने चमकून पाहिलं. "खरंच असू शकतं. म्हणून नुसत्या मोडावरून मी तुम्हाला दोषी धरत नाही. आधी सगळ्यांनी हे नीट समजून घ्या."

त्या खुर्ची ओढून बसल्या, वर्गात बसायच्या तशा.

"मेल खरा की खोटा, हे ज्याच्याकडे पोचतो ती मेलसेवा तपासते. पाहुण्याची ओळख दारातच पटते. पण ओळख पटलेल्या प्रत्येक पाहुण्याला फेटा बांधायचा की नुसतं बसवायचं, ही ज्या त्या घराची रीत. मुंजाजींची सेवा मोड दाखवते. लिंबाजींची दाखवतच नाही. कधी तीच सेवा एका मोबाइलवर दाखवते, दुसऱ्यावर नाही. छापताना तर तो कागदावर येतच नाही. म्हणून मोड नाही म्हणजे मेल खोटा, हे फळ्यावरचं वाक्यच चुकलंय. बबिताने पाठवलेला मेल एकच होता, आणि खरा होता."

"मंग मीबी तेच वाचलं ना," बन्सीधर घाईने म्हणाला. "मला बनावट वाटला. फसलो."

"बनावट वाटला, तर तेरा तारखेला सात नंबर कशाला भिजवलं?"

बन्सीधरचा हात खिशापाशी थांबला.

"शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि पाच-सहा दिवसांनी मोड मोजायचे. घरचं बियाणं पेरायचं असलं की इथला प्रत्येक शेतकरी हे करतो. तुम्हाला तर शेती नाही. मग कुणासाठी भिजवलं? बारा तारखेला मेल वाचलात, तो खरा वाटला, म्हणून तेराला पिशवी फोडलीत. अठराला मोजले. कॅलेंडरवर तुमच्याच हाताने लिहिलंय, एक्केचाळीस."

"शंभरात निदान सत्तर उगवावे लागतात," बबिता हळूच म्हणाली.

"एकोणीसला तानुबाईंना पिशव्या दिल्यात. लिंबाजींना मोड दिसला नाही, ही बातमी मागाहून तुमच्या कानावर आली असणार. आयतं निमित्त मिळालं. मग छापील कागद काढलात."

बन्सीधर खाली बघत म्हणाला, "पेरणीचा आठवडा होता, बाई. पिशव्या परत केल्या असत्या तर दुकान रिकामं. गिऱ्हाईक समोरच्याकडं गेलं असतं."

"अन् माझं वावर?" तानुबाई म्हणाल्या. "ते रिकामं चालतंय व्हय?"

त्याने छापील कागद टेबलावर ठेवला.

योगीराजने फोन उचलला. बन्सीधरच्या दुकानातला सगळा लॉट सात आजच ताब्यात घ्यायला माणसं पाठवली, कृषी अधिकाऱ्यांना कळवलं, आणि तानुबाईंसाठी चांगल्या लॉटच्या पिशव्या गाडीत चढवायला सांगितल्या. जमिनीत पेरणीपुरती ओल होती, वाफसा अजून टिकून होता. पेरणी साधत होती. मग तो बबिताकडे वळला.

"तो कागद दे इकडे," एवढंच म्हणाला, आणि राजीनाम्यासाठी ठेवलेल्या त्याच कोऱ्या कागदावर कृषी अधिकाऱ्यांना द्यायचा तक्रारअर्ज लिहायला बसला.

बबिताने फडकं घेऊन फळा पुसला. "बाई, आता काय लिहू?"

"शंका आली की फोन करा. लिंबाजींसारखा."

तानुबाईंनी नव्या पिशवीचं तोंड उसवलं. शंभर दाणे मोजून पदरात बांधले, तशी बबिता हसली.

"मावशी, ही चांगल्या लॉटची हाय. कंपनीचा मोड हाय की पिशवीवर."

"असू दे की," तानुबाई म्हणाल्या. "आधी माझ्या गोणपाटात दिसू दे."