गुरुवारचा डबा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली त्या एव्हांथियाकाकू अजून त्याच घरात राहतात. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत, विद्यापीठाच्या वरच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर.

आणि हे रात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं. तीन ते पाच, जेव्हा सगळा मोहल्ला झोपलेला असतो आणि कुणी कुणाच्या दाराची घंटा वाजवत नाही, तेव्हा.

त्या चढावर निम्म्या खोल्या विद्यार्थ्यांच्या. मुलं येतात, चार वर्षं गोंधळ घालतात, निघून जातात. काकूंच्या स्वयंपाकघराला लागून त्यांचीच अशी एक भाड्याने दिलेली खोली होती. जिन्यावर वेगळं दार, आत पलंग, टेबल आणि भांडी घासायला एक नळ. तिथे स्तेर्गिओस राहायचा. ग्रेव्हेनाकडच्या एका डोंगरी गावचा, तिसऱ्या वर्षाचा मुलगा.

दर गुरुवारी त्याची आई, वाइया, गावाहून बसने डबा पाठवायची. इथे सगळ्यांच्याच आया पाठवतात. पोरगा स्कूटरवरून बसस्थानकावर जायचा, पार्सलखिडकीवरून डबा आणायचा आणि दुपारीच फस्त करायचा. मग नळ पूर्ण सोडून डबा धुवायचा. भिंतीतला जुना पाइप हादरायचा. थड... थड... थड...

"अरे, हळू सोड की नळ! माणसं झोपलीयेत," काकू भिंतीवर हात आपटायच्या.

"झालंच, काकू! आई म्हणते, डबा रिकामा परत नाही आला तर पुढचा मिळणार नाही."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तो डबा आणायला गेला आणि परत आला नाही.

उतारावर ट्रकने उडवलं.

त्याच्या वस्तू इस्पितळातून मिळाल्या. पाकीट, फोन, एक हातमोजा. खोलीची चावी मात्र कुठेच सापडली नाही.

अंत्यविधी गावात झाला. चौथ्या दिवशी वाइयाचा फोन आला. रडून आवाज बसलेला.

"ताई, एक काम कराल? डबा खिडकीवरच पडलाय. माझ्या लेकराने काही खाल्लं नव्हतं हो त्या दिवशी."

काकू जाऊन डबा घेऊन आल्या. भात भरलेले टोमॅटो होते, थंडीमुळे टिकलेले. टाकून द्यायचं मन होईना. त्यांनी आपल्याकडच्या चावीने खोली उघडून तो त्याच्या टेबलावर ठेवला, दार ओढून घेतलं आणि जाऊन पडल्या.

साडेतीन वाजले असतील...

थड... थड... थड...

काकू उठून बसल्या. पाइप हादरत होता.

मग नळ बंद झाला.

पाच वाजता त्यांनी धीर करून दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. डबा नळाशेजारी पालथा घातलेला. धुतलेला. ओला.

वरच्या मजल्यावरचा मिल्तोस जिन्यात भेटला. काकूंनी त्याला धरलंच.

"खरं सांग, तू खाल्लास ना डबा?"

"मी? नाही हो, काकू."

"मग काय भुताने खाल्ला?"

"खाऊन वर भांडी घासणारं भूत?" तो हसला. "आमच्याकडे पाठवा की. दहा दिवसांची पडलीयेत."

मग काकूंचा चेहरा बघून तो निमूट वर गेला.

वाइयाला त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी पीटा पाठवते. पालक-चीज भरून भाजलेली. आवडते त्याला."

त्यानंतर दर गुरुवारी डबा आला. दर गुरुवारी पाइप वाजला. आणि पाच वाजता फोन.

"खाल्लं का त्याने?"

"खाल्लं, वाइया."

"बरं झालं."

एवढंच बोलणं. पण एवढ्यावर ती बाई आठवडा काढायची.

चाळिसाव्या दिवशी गावात प्रार्थना झाली. साखर घालून शिजवलेले गहू वाटले. पाद्री म्हणाले, चाळीस दिवस आत्मा ओळखीच्या जागांवर फिरतो, मग जातो. काकूंनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, संपलं.

खोलीत ईस्टरनंतर एक मुलगी राहायला येणार होती. काकूंची वीस वर्षांची सवय, जुना भाडेकरू गेला की नवं कुलूप. शिवाय ती चावी हरवलेली. बुधवारी माणूस येऊन दाराचं कुलूप बदलून गेला.

गुरुवारी डबा आला. वाइयाने न विचारताच पाठवला होता. काकूंनी तो टेबलावर ठेवला, नव्या चावीने दार लावलं आणि स्वयंपाकघरात बसल्या.

साडेतीन वाजले.

पाइप वाजला नाही.

जिन्यात पावलं वाजली. दारापाशी थांबली. मग...

कुलपात चावी गेली.

फिरेना. निघाली. पुन्हा गेली. खटखट झाली...

पुन्हा.

पुन्हा.

काकू दोन्ही हातांनी टेबल धरून बसल्या होत्या. उठावं, दार उघडावं, एवढंच तर करायचं होतं. त्या उठल्याच नाहीत.

मग दाराला टेकून कुणीतरी खाली बसल्यासारखं वाटलं. बराच वेळ शांतता.

आणि पावलं खाली गेली. हळूहळू. एकेक पायरी.

त्या धावल्या तेव्हा जिना रिकामा होता. आत डबा भरलेला, अजून कोमट.

त्या तशाच घरातल्या चपलांवर कुलूपवाल्याकडे गेल्या. "कालचं जुनं कुलूप दे. तेच पाहिजे."

"ते भंगारात गेलं, काकू. सकाळीच गाडी येऊन गेली."

पाच वाजता फोन आला.

"खाल्लं का त्याने?"

"नाही, वाइया."

तिचा आवाज एकदम उजळला. "म्हणजे घरी यायला निघाला. ख्रिसमसपासून आला नव्हता हो. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात म्हणायचा. थांबा, मी चूल पेटवते."

काकूंनी कुलपाचं न सांगताच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

"ताई... ताट तसंच आहे. रात्रभर दार उघडं ठेवलं होतं. कुत्रासुद्धा भुंकला नाही. इथे नाही, तिथे नाही. मग गेला कुठे तो?"

याला आता दोन वर्षं झाली. काकूंनी ती खोली कुणाला दिली नाही. दाराचं कुलूपच काढून टाकलंय. गुरुवारी दुपारी इमारतीचं खालचं दारही त्या दगड लावून उघडं ठेवतात. मुलं ओरडतात, काकू, चोर येतील. त्या ऐकत नाहीत.

डबा अजून येतो. भरलेलाच राहतो.

कुलपाचं त्यांनी वाइयाला आजवर सांगितलेलं नाही. दर गुरुवारी पाच वाजता ती विचारते, आणि त्या म्हणतात, "खाल्लं."