पाचवी गाठ

बाजीला पिकअपनं उडवलं ते आळेफाट्यावर, भर दुपारी, शंभर माणसांदेखत. पायाचं हाड एकही मोडलं नाही, डोकं तेवढं फुटलं. जानकूचा हा सहा वर्षांचा मेंढा कळपाच्या म्होरं चालायचा. त्याच्या गळ्यातली घंटा वाजली की दीडशे मेंढरं माना वर करत. जानकूनं "हुर्र, बाजी" म्हटलं की तो जागच्या जागी थांबे. पोटच्या पोरानं ऐकलं नसतं एवढं ऐकायचा. त्या दिवशीही जानकूच ओरडला होता. बाजी रस्त्याच्या मधोमध थांबला, आणि पिकअप आलं.

आता तो फाट्याजवळच्या रानात कुशीवर पडून होता. पाय लुळे पडलेले, नजर एकीकडं लागलेली.

"कापा म्हणत्यात लोक. त्यांच्या तोंडात माती!" जानकू म्हणाला.

डॉक्टर वृषाली जनावरांच्या मेंदूवर संशोधन करत. जुन्नरच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "पोटातल्या कोकराच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी याच्या जखमेत सोडायच्या, मामा. अशानं आमचे उंदीर पुन्हा चालले. मेंढ्यावर पहिलीच वेळ. पण गाभण मेंढी लागेल, आणि तिचं कोकरू जाईल."

कळपातली भुरी गाभण होती. मेंढी फळली की जानकू काठीला लोकरीचा दोरा बांधी आणि दर आमुशाला एक गाठ मारी. पाचव्या गाठीला मेंढी विते. भुरीच्या दोऱ्याला तीन गाठी होत्या.

"न आलेल्याचं काढून आलेल्याला द्यायचं?" त्याची बायको चिमाबाई म्हणाली. "मला न्हाई पटत."

"मीच थांबवला व्हता त्याला!" जानकू गरजला. तिथंच बोलणं मिटलं.

दोन्ही ऑपरेशनं एकाच सकाळी झाली. भुरी पोट शिवून कळपात परत आली. दूध काही उतरलं नाही, कास कोरडीच राहिली. जानकूनं दोरा मात्र सोडला नाही. सवय हो, दुसरं काय! आमुशा आली की हात आपसूक जाई.

बाजी पडूनच होता. डॉक्टरबाई येत, त्याचे पाय दाबून बघत आणि वहीत शून्य लिहीत.

पाचवी गाठ मारली त्याच सकाळी बाजी उठला.

पाय फाकवून, थरथरत, दोनदा पडून तिसऱ्यांदा उभा राहिला. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चारही पाय, मामा! चारही!" जानकूला आभाळ ठेंगणं झालं.

"हुर्र, बाजी!"

बाजीनं बघितलंसुद्धा नाही.

"ऐकू येत नसंल," जानकू म्हणाला. डॉक्टरबाईंनी मागून टाळी वाजवली. बाजीचे कान लगेच फिरले.

जानकू त्याच्या तोंडापुढं बसला. "अरं, मी हाय. वळखलं न्हाई व्हय रं?" बाजीनं त्याचा हात हुंगला आणि बुजून मागं सरला.

पलीकडं भुरी उभी होती. ती घशातल्या घशात, हलकंच बोलली. मेंढी असं व्यायल्यावरच बोलते, आणि फक्त आपल्या कोकराशी.

बाजी धडपडत तिच्याकडं गेला. शिंगांचं ओझं सांभाळत पुढच्या गुडघ्यांवर बसला आणि कासेला तोंड लावलं.

भुरी हलली नाही. त्याला शेपटीपाशी हुंगून चाटायला लागली.

"मेंढी परक्याला पाजत न्हाई," जानकू पुटपुटला. "लाथ मारती."

त्यानं खाली बसून दुसरा सड पिळला. बोटांवर पिवळा, घट्ट, कोमट चीक आला.

डॉक्टरबाईंनी वही मिटली.

चिमाबाई आली. नवऱ्याची बोटं तिनं हुंगली. मग बाजीच्या गळ्यातली घंटा सोडायला लागली. म्होरक्या मेला की ती अशीच सोडतात.

"अगं, जिता हाय त्यो!"

"ह्यो जिता हाय," ती म्हणाली. "बाजी कुठाय?"

घंटा तिच्या हातातून निसटली, दगडावर खणकन वाजली. रानभर मेंढरांनी माना वर केल्या.

कासेखालच्यानं केली नाही. त्याची शेपटी तेवढी भराभर हलत होती.