चारशे सतरा कुठून उडाला?

"चारशे सतरा! मी स्वतः पाहिलाय," भिंगरीने सांगून टाकलं आणि रोपवाटिकेच्या बाईंसमोर मोबाइलमधला फोटो धरला.

बुधवारी दुपारी एका ड्रोनने बाईंच्या काचघराची काच फोडून पोबारा केला होता. पण हल्ली ड्रोनला गुपचूप उडता येत नाही. उडताना त्याने आपला नंबर सांगत राहायचा, असा नियमच आहे. त्यासाठी ड्रोनला काडेपेटीएवढी डबी चिकटवतात, आणि खाली उभ्या असलेल्या कुणालाही तो नंबर मोबाइलवर दिसतो. भिंगरीकडे ड्रोन नव्हता, म्हणून ती सुट्टीभर कुंपणावर बसून मावशीच्या मोबाइलवर दुसऱ्यांचे नंबर वाचत असे आणि त्या पडद्याचे फोटो काढून ठेवत असे. चारशे सतरा होता तिच्या मावसभावाचा, कॅप्टनचा.

कॅप्टन म्हणाला, मी तर घरी झोपलो होतो. तेरा वर्षांचा मुलगा सुट्टीत भरदुपारी झोपतो, यावर कोण विश्वास ठेवणार? दोघं ज्या ड्रोन-शिबिरात जात, तिथल्या सरांनी रविवारच्या स्पर्धेतून त्याचं नाव काढलं. यादीत पुढचं नाव भिंगरीचं होतं. मावशीने कॅप्टनचाच ड्रोन तिच्या हातात दिला. नवा ड्रोन त्याला, शाबासकी त्याला, खिडकीजवळचा पलंगसुद्धा त्याला! बरी जिरली एकदाची, असं भिंगरीला वाटलं, आणि असं वाटतंय याची थोडी लाजही वाटली.

शुक्रवारी ती सराव करत होती. तिचा धाकटा भाऊ सतत कुणाच्या ना कुणाच्या मागे असायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट. त्याने ड्रोन उलटा करून पाहिला.

"ताई, कॅप्टनदादा डबीला निळी चिकटपट्टी लावतो ना? मग ही पांढरी कुठून आली?"

अशी पांढरी पट्टी मामाच्या फोटो स्टुडिओत असायची. भिंगरीने बुधवारचा फोटो पुन्हा उघडला. ती डबी नंबराबरोबर आणखी एक गोष्ट सांगते, ड्रोन कुठून उडाला ते. नकाशावरचा ठिपका बरोबर स्टुडिओच्या गच्चीवर होता. तिने बुधवारी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. तिला हवं होतं तेवढंच तिने वाचलं होतं.

रविवारपर्यंत गप्प बसलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती अर्ध्या जेवणावरून उठली आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या कॅप्टनसमोर तिने फोटो धरला.

"बुधवारपासून हा तुझ्याकडे आहे?" त्याने विचारलं.

"हो. सगळं तुलाच मिळतं म्हणून मला तुझा राग येत होता."

त्याने फोटोतला ठिपका बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "उद्या दुपारी मामा ड्रोनने एका बंगल्याचं शूटिंग करणार आहे. ड्रोन माझ्या टेबलावर आणून ठेव. मी झोपतो."

शनिवारी दुपारी कॅप्टन असा घोरला, की शेपटाला हसू दाबायला अंगणात पळावं लागलं. मामा चपला हातात घेऊन आला, डबी उचकटली आणि पसार झाला. तिघांनी लगेच मावशीला आणि सरांना गाठलं आणि रोपवाटिकेत नेलं. थोड्याच वेळात मोबाइलवर चारशे सतरा उमटला.

"बाई, चारशे सतरा स्टुडिओच्या गच्चीवरून उडतोय," कॅप्टन म्हणाला. "आणि मी इथे उभा आहे."

सगळी वरात गच्चीवर पोचली तेव्हा मामाच्या हातात रिमोट होता. त्याच्या स्वतःच्या ड्रोनची डबी बिघडली होती, म्हणून बुधवारीही त्याने कॅप्टनचीच लावली होती. दहा मिनिटांचं तर काम, त्यासाठी कोण दुरुस्तीला जातो, असं तो पुटपुटला. मावशीने त्याला असा फैलावर घेतला, की चाळिशीचा मामा मान खाली घालून उभा राहिला. नवी काच त्यानेच बसवायची ठरली. सरांनी कॅप्टनचं नाव तिथल्या तिथे पुन्हा यादीत घातलं.

बाईंनी भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. "पोरीची नजर पक्की आहे. भावाला वाचवलंन हिने."

भिंगरीने कॅप्टनकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचा अवकाश, सगळ्या कौतुकावर पाणी पडलं असतं.

"हो, तिनेच शोधलं," तो म्हणाला आणि गप्प बसला.

आजवर तिला त्याच्या वस्तूंचा हेवा वाटायचा. आज पहिल्यांदाच त्याचा वाटला. असं गप्प बसणं तिला जमलं असतं का?

"बाई, फोटोतला ठिपका बुधवारीच दिसत होता," ती म्हणाली. "कॅप्टनला शिक्षा व्हावी म्हणून मी तो पाहिला नाही."

मावशीने डोळे वटारले. बाईंनी मात्र पाठीवरचा हात काढला नाही.