मागच्या बाईचा पदर

सोमवारपासून प्रेमिलाला वाडीच्या गोदामात कामावर जायचं होतं, आणि तेही एकटीनं, लेकीच्या, मोनालीच्या स्कूटीवर. भाऊ रोज सोडायला तयार होता. तिनंच नको म्हटलं. लेक गेल्यापासून ती घरात पाहुण्यासारखी, मान खाली घालून वावरत होती. आता पुरे.

शेजारच्या सोनिकानं फुटाळा तलावाजवळच्या मैदानात तिला गाडी शिकवली.

"काकू, ब्रेक काहून धरून ठेवता? गाडी आहे, वाघ नाही."

"मैदानात जमते वं मले. रस्त्याचं भ्या वाटते."

वाडीला जाणाऱ्या याच अमरावती रोडवर मोनाली गेली होती. गाडी ती चालवत होती. प्रेमिला मागे, एका बाजूला पाय सोडून बसलेली. लोक "पदर, पदर!" ओरडत होते. प्रेमिलाला वाटलं, दुसऱ्या कोणाला तरी. पदर चाकात गेला, गाडी उलटली, तेव्हा प्रेमिला नुसती बाजूला फेकली गेली. कोपर खरचटलं, तेवढंच. त्यानंतर तिनं साडी सोडली. पंजाबी ड्रेस घालायची, तोही ओढणीशिवाय.

रविवारी सकाळी रंगीत तालीम म्हणून ती एकटीच निघाली. रविनगर चौक मागे पडला. हवेत गारवा होता, ट्रकच्या धुराचा वास होता. हात स्थिर होते, याचं तिला नवल वाटलं.

शेजारून एक मोटारसायकलवाला पुढे गेला. "ओ मावशी, पदर!"

तिनं करकचून ब्रेक दाबला. अंगावर पदर नव्हताच. मागची सीट रिकामी होती.

भरतनगरच्या पुढे एका म्हाताऱ्या भाजीवालीनं हात केला. "अवं पोरी, मागच्या बाईले सांग. पदर चाकात जाऊन राहिला तिचा!"

प्रेमिला थांबली. "कोण बाई?"

"मजाक करतं का वं? बहीणच दिसते तुझी. तोंडवळा तोच. रडून राहिली बिचारी."

"साडी कोणती आहे?"

"जांभळी."

त्या दिवशी जांभळाच पदर होता. चाकातून कापून काढावा लागला होता.

परत फिरावं, भावाला बोलवावं. तिनं मोबाइल काढला. तसाच पर्समध्ये टाकला.

मागे न पाहता म्हणाली, "पदर खोच, प्रेमिला."

तिनं पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.

मग गाडी काढली.

वाडीपर्यंत कोणी ओरडलं नाही.

गोदामाच्या फाटकाशी तिनं स्टँड लावला. मागच्या सीटचा दबलेला फोम हळूहळू वर आला.

तिला हलकं वाटलं. फार दिवसांनी.

"ताई," चौकीदार रस्त्याकडे बघत म्हणाला, "तुमच्या संगची बाई पायीच परत चालली जी."

"काही बोलली?"

"पोरगी मागंच राहिली म्हणे."