सार्जंटच्या पाठीवरची

सार्जंट साकेयासीच्या स्मरणाची प्रार्थना रविवारी होती. त्याची धाकटी मुलगी तारैवीनी बुधवारच्याच बोटीनं राजधानी सुवाहून काडावू बेटावर आली. येताना दोन कामं डोक्यात होती. चर्चमध्ये तातांविषयी, म्हणजे वडिलांविषयी, चार शब्द बोलायचे आणि परतताना आईला बरोबर न्यायचं. तारैवीनी सुवाच्या इस्पितळात नर्स होती. ताता गेल्यापासून आईची पाठ कमानीसारखी वाकत चालली होती. एक्स-रे तरी काढायला हवा होता.

दोन्ही कामं अडून बसली.

ज्याला विचारावं तो तेच सांगायचा. सार्जंट म्हणजे देवमाणूस, सार्जंट म्हणजे शिस्त, बायकोपोरांना जपणारा, रविवारी उपदेश करायला उभा राहिला की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी. तारैवीनी ऐकून ऐकून विटली. केलेपीकाका लेबनॉनात शांतिसेनेत तातांच्याच तुकडीत होते. शेवटी ती त्यांच्याकडे गेली.

"हे सगळं थडग्यावर कोरलंय, काका. मला माणूस सांगा."

काकांनी यांगोनाच्या मुळांच्या कडवट पेयाची वाटी एका दमात रिकामी केली, रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली आणि म्हणाले, "माणूस? रोज नारळाच्या रसातली मासळी खाऊनही ज्याचं पोट सुटलं नाही, असा बेटावरचा तेवढा एकच माणूस."

चटईवरचे सगळे हसले. तिला हसू आलं नाही.

तिचं दुखणं वेगळंच होतं. गावातले बाकीचे शिपाई एकदा लेबनॉनात जाऊन आले आणि अळूच्या मळ्यात रमले. ताता पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले. कुणी पाठवलं म्हणून नव्हे, स्वतः मागून. तिच्या बालपणी ताता म्हणजे भिंतीवरचा निळ्या टोपीतला फोटो. घरी असले की मात्र संध्याकाळची प्रार्थना चुकायची नाही. लाकडी नगारा वाजला की सगळ्यांनी चटईवर बसायचं. ताता हजेरी घेतल्यासारखं एकेकाचं नाव घेत, आणि ज्यानं त्यानं "एमेनी", म्हणजे आमेन, म्हणायचं. सगळ्यांची नावं झाली की ताता थांबत. इतके थांबत की ताटातला कसावा गार व्हायचा. थोरला मनोआ कुजबुजायचा, "गेला सार्जंट झोपी." मग ताता एकदम घसा साफ करून प्रार्थना पुरी करत.

त्या थांबण्याचा अर्थ तिनं कधी विचारला नव्हता. आता कुणाला विचारणार?

आणि आई तर जागची हलायला तयार नव्हती.

"संध्याकाळची प्रार्थना कोण करील इथे?"

"देव सुवातही आहे, आई."

"देवाचं नाही गं," आई म्हणाली, आणि चुलीकडे वळली. तारैवीनीनं समजावलं, चिडली, मनोआला ब्रिस्बेनला फोन लावला. तो म्हणाला, "तू तिथे आहेस, तूच बघ," आणि कामावर निघून गेला.

शनिवारी उन्हं उतरताना ती आईच्या पाठीला खोबरेल चोळायला बसली. आईनं ब्लाउज खाली सरकवला आणि तारैवीनीचा हात तिथेच थबकला. दोन्ही खांद्यांवरून पुढे गळ्याशी लांबट, निळसर वळ उमटले होते. आजारी माणसांच्या अंगावर तिनं नाना खुणा पाहिल्या होत्या, पण ही खूण ओळखीची नव्हती. मागून कुणी गळ्यात हात घालून घट्ट धरावं, तसे ते वळ होते. आणि वास... धुराचा, भाजलेल्या पिठाचा. बेटावर तसलं पीठ कुणी भाजत नाही.

"आई... हे काय आहे?"

आईनं ब्लाउज पुन्हा वर ओढला. मग अगदी हळू म्हणाली, "जड नाहीये ती. म्हातारी आहे... हाडंच हाडं."

"कोण?"

मग आईनं सांगितलं, तुटक तुटक, दाराकडे पाहत. लेबनॉनात त्यांच्या पहाऱ्याच्या नाक्याशेजारच्या गावातली एक म्हातारी शिपायांना गरम भाकरी आणून द्यायची. एका दुपारी गावावर तोफगोळे पडले. तातांनी तिला पाठीवर घेतलं आणि शेतांतून डॉक्टरच्या तंबूकडे निघाले. तिला धीर यावा म्हणून वाटभर आपल्या भाषेतली भजनं म्हणत होते. ती कुठल्या वळणावर गेली, त्यांना कळलंच नाही. तंबूशी पोचल्यावर लोकांनी तिचे हात सोडवून घेतले.

"उतरवली ती. पुरलीसुद्धा," आई म्हणाली. "पण उतरली नाही. ते गेल्यावर माझ्याकडे आली."

म्हातारीच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. तिचं नाव सांगणारं कुणी सापडलं नाही. ताता प्रार्थनेत सगळ्यांची नावं घ्यायचे, आणि तिची पाळी आली की अडायचे. बिननावाचं माणूस देवाच्या हवाली करायचं तरी कसं? म्हणून परत जायचे. नाव विचारायला.

"एवढ्यासाठी?" तारैवीनीचा आवाज चिरकला. "एका नावासाठी आम्ही बापाशिवाय वाढलो? आणि सांगितलं कुणाला, तर तुला!"

"केलेपीलाही ठाऊक आहे. तुम्हाला सांगून काय केलं असतंत?"

तिला आणखीच राग आला. तेवढ्यात गावचा नगारा वाजला. आईनं कंदील लावला आणि दोघी चटईवर बसल्या. आईनं नावं घेतली. मनोआचं घेतलं, मग तारैवीनीचं. "एमेनी," तारैवीनी म्हणाली. आणि आई थांबली.

बाहेर लाटा फुटत होत्या, पण त्यांचा आवाज घरात येईनासा झाला. आईची मान हळूहळू खाली जाऊ लागली... कपाळ चटईला टेकलं. ब्लाउजचा गळा मागून ताणला गेला होता. तिथे हात नव्हता. काहीच नव्हतं. फक्त कापड मुठीत धरल्यासारखं चुरगळत होतं.

तारैवीनीला भीती वाटली, पण त्याहून जास्त ती वैतागली होती. वॉर्डातल्या हट्टी रोग्याशी बोलावं तशी ती बोलली.

"नाव हवंय ना? माझं घे. तारैवीनी. आजपासून तू माझ्या नावाची. आता उतर. आईचं वय झालंय."

बेटावर नाव असं सहजासहजी देत नाहीत. ज्याला नाव दिलं, त्याला घरात, पानात, बसायच्या जागेत वाटा द्यावा लागतो. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

आईचं कपाळ चटईवरून उचललं गेलं. एकेक मणका जागेवर यावा तशी ती सरळ झाली आणि म्हणाली, "एमेनी." तिच्यामागे चटई करकरली. अनवाणी पावलं दारापर्यंत गेली, आणि लाटांचा आवाज परत आला.

"काय देऊन बसलीस, कळतंय ना तुला?" आईनं विचारलं.

"नावच दिलं. माझ्याकडे आहेच की अजून."

त्या रात्री आई कितीतरी महिन्यांनी उताणी झोपली.

रविवारी चर्च भरून गेलं. बायका पांढऱ्या कपड्यांत चटयांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. केलेपीकाका छातीवर पदकं लावून आले होते. तारैवीनी अगदी पुढे, आईशेजारी. काय बोलायचं ते आता तिला पक्कं माहीत होतं. एका नावासाठी समुद्र ओलांडत राहिलेला माणूस ती सांगणार होती. बाप जिवंत असताना कधी वाटला नव्हता इतका आज तिला आपला वाटत होता.

भजन संपलं. पाद्री म्हणाले, "आता आपली तारैवीनी सार्जंटविषयी बोलेल."

ती उठायला लागली. तिच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळ्या माना मागच्या दाराकडे वळल्या होत्या. तिथल्या बायका एकेक करून पाय आवरून घेत होत्या, कुणाला तरी वाट करून देत होत्या. मागची रांग सरकली. मग तिच्या पुढची. केलेपीकाकांनी एकदाच तिकडे पाहिलं आणि चेहरा ओंजळीत लपवला. वाट हळूहळू पुढे येत होती, आणि तिच्यासोबत धुराचा, भाजलेल्या पिठाचा वास. तारैवीनीनं हाक मारायला तोंड उघडलं, "मी इथे आहे..." पण शेजारी बसलेल्या आईनंसुद्धा मान वळवली नाही. आणि पाद्री, हात पुढे करून, त्या वाटेकडे हसतमुखानं पाहत उभे होते.